घरचे अवजार : दोरी ओढावी की कळ दाबावी?

बडोद्याच्या एका वाचक भगिनींचे पत्र गेल्या महिन्यात आले. त्यांच्या बंगल्याच्या आवारात एक आंबा, एक कडुनिंब आणि कुंपणाला लागून चार सुबाभळी आहेत. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी फांद्या उतरवून देणारा माणूस आता गाव सोडून गेला, आणि नवा जो मिळाला त्याने सांगितलेली मजुरी ऐकून घरातील मंडळी गप्पच झाली. यजमानांचे वय अडुसष्ट. परदेशी असलेल्या चिरंजीवांनी कळवले आहे की, बाबांसाठी बॅटरीवर चालणारा चेनसॉ पाठवतो. शेजारचे गृहस्थ म्हणतात, बॅटरीचे यंत्र म्हणजे पोरखेळ, घ्यावयाचे तर पेट्रोलचेच घ्यावे. भगिनी विचारतात, आम्ही कोणाचे ऐकावे? पत्राच्या अखेरीस त्यांनी एक वाक्य लिहिले आहे, ते आम्हांस साऱ्या पत्राहून महत्त्वाचे वाटले. "यंत्र कोणतेही घेतले तरी चालवणार हेच, आणि मला भीती आहे ती त्याचीच."

हा प्रश्न आमच्याही घरी येऊन गेलेला आहे. एकदा नव्हे, दोनदा. आणि पहिल्या खेपेस आम्ही त्याचे उत्तर चुकीचे दिले. म्हणून उपदेश करण्याचा अधिकार आम्हांस कितपत आहे ते वाचकांनीच ठरवावे. घडले ते मात्र सांगतो.

आमचे घर सिल्वासाच्या परिसरात, गलोंडा येथे. ज्या वाचकांनी हा मुलूख पाहिलेला नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की, दादरा आणि नगर हवेली हा प्रदेश उणापुरा ४९१ चौरस किलोमीटरांचा, आणि त्यातील सुमारे चाळीस टक्के भूमी जंगलाची. साग, खैर, ऐन, शिसव, मोह ही इथली झाडे. पाऊस दोन हजार मिलिमीटरांच्या वर. म्हणजे झाडे वाढतात झपाट्याने आणि पडतातही तशीच. वारली, कोकणा, धोडिया या इथल्या मूळच्या लोकांचे झाडाशी नाते कोयत्याचे आणि कुऱ्हाडीचे. भाताच्या आणि नागलीच्या रोपांसाठी राब भाजावयाचा तर ऐनाच्या फांद्या माणूस झाडावर चढून, एका हाताने फांदी धरून, दुसऱ्या हातातील कोयत्याने उतरवतो. ते काम ज्याने पाहिले त्याला यंत्राचा फारसा गर्व उरत नाही. पोर्तुगीज अमदानीत याच नगर हवेलीच्या रानातील साग दमणच्या गोदीत जात असे. तिथे १८४३ साली बांधलेले 'दों फर्नांदू दुसरा इ ग्लोरिया' हे शिडाचे लढाऊ जहाज आज पोर्तुगालमध्ये लिस्बनसमोर नदीच्या पैलतीरी संग्रहालय म्हणून उभे आहे. त्याचा एकेक ओंडका कुऱ्हाडीने पाडलेला आणि हातकरवतीने कापलेला होता. असो. आम्हांस जहाज बांधावयाचे नव्हते. आम्हांस फक्त आमची वाट मोकळी करावयाची होती.

१७ मे २०२१. 'तौक्ते' चक्रीवादळ त्या रात्री सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर, दीव आणि उना यांच्या दरम्यान आदळले. आमचा मुलूख त्याच्या थेट वाटेत नव्हता, परंतु वाऱ्याने दक्षिण गुजरातेतील आंब्याचे जे हाल केले त्यातून आम्हीही सुटलो नाही. संध्याकाळीच वीज गेली. दिवेलागणीनंतर घराकडून रस्त्याकडे जाणाऱ्या वाटेवर आमच्या थोरल्या आंब्याची मुख्य फांदी कडाडून कोसळली आणि वाट बंद झाली. तेवढ्याने आम्ही विचलित झालो नसतो. फांदी सकाळी काढता आली असती. पण रात्री साडेदहाच्या सुमारास वहिनींना दम लागला. त्यांना दम्याचा जुना विकार आहे. त्या दिवसांत माणसाचा श्वास अडखळला की घरच्यांच्या काळजाचे काय होई ते २०२१ चा उन्हाळा ज्यांनी पाहिला त्यांस सांगावयास नको. गाडी दारात उभी, आणि गाडीपुढे मांडीएवढ्या जाडीच्या पाच-सहा फांद्या व त्यांच्या मधोमध दीड हात जाडीचा ओंडका.

घरात अवजार म्हणाल तर एक कोयता, एक बोथट कुऱ्हाड आणि सुताराने कधीकाळी विसरलेली करवत. दादा, आमचा पुतण्या आणि आम्ही असे तिघे कंदिलाच्या आणि टॉर्चच्या उजेडात त्या ओल्या लाकडाशी झटत होतो. ओल्या आंब्यात करवत अडकते. पाचर ठोकावी, करवत सोडवावी, पुन्हा चार हात ओढावी, असे चालले होते. शेजारच्या पाड्यावरून चौघे जण हाकेसरशी आले, आणि त्यांच्या कुऱ्हाडी चालू लागल्यावरच काम पुढे सरकले. गाडी बाहेर पडली तेव्हा तीन वाजून गेले होते. वहिनी वाचल्या. पाचव्या दिवशी घरी आल्या. पण ते साडेचार तास दादांच्या मनातून गेले नाहीत, आणि जूनचा पहिला आठवडा उजाडण्यापूर्वीच त्यांनी यंत्र आणले.

ते यंत्र पेट्रोलचे होते. अठ्ठावन्न सी.सी.चे इंजिन, बावीस इंचांची पट्टी, किंमत सहा हजारांच्या घरात. विक्रेत्याने सांगितले, "साहेब, सागाचे झाड आडवे होईल." आम्हांस सागाचे झाड आडवे करावयाचे नव्हते हे त्या वेळी कोणाच्याच लक्षात आले नाही. भीतीच्या भरात माणूस नेहमी गरजेपेक्षा मोठे अवजार घेतो.

इथे थोडे थांबून ही यंत्रे चालतात कशी ते सांगणे इष्ट. पेट्रोलच्या चेनसॉचे इंजिन टू-स्ट्रोक जातीचे असते. त्याला वेगळी तेलाची टाकी नाही, म्हणून पेट्रोलातच वंगणाचे तेल मिसळून द्यावे लागते. चांगल्या यंत्रांना लिटरला वीस मिलिलिटर, म्हणजे पन्नासास एक. स्वस्त यंत्रांची पुस्तिका पुष्कळदा लिटरला चाळीस सांगते. हे प्रमाण चुकले आणि तेल कमी पडले तर दट्ट्या आतल्या आत घासून यंत्र कायमचे बसते. तेल अधिक झाले तर धूर होतो आणि प्लग काळवंडतो. या इंजिनाचा दुसरा दोष असा की, नवे मिश्रण आत येतानाच जळालेला वायू बाहेर ढकलत असते, आणि त्या गडबडीत न जळलेल्या इंधनाचा मोठा वाटा तसाच धुराबरोबर बाहेर पडतो. चालवणाऱ्याच्या नाकाला जो उग्र वास येतो तो त्याचाच. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने लहान पेट्रोल इंजिनांची नवी घरगुती यंत्रे २०२४ च्या मॉडेलपासून विक्रीतून जवळजवळ बाद केली, ती या धुराकरिताच.

बॅटरीच्या यंत्रात हे काहीच नाही. मोटार, लिथियमची बॅटरी, कळ, आणि साखळी. गंमतीची गोष्ट अशी की, इतिहासात वीज आधी आली आणि पेट्रोल मागून. साखळीची करवत मुळात निघाली ती अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमधील दोन शल्यवैद्यांच्या हातून, हाड कापण्यासाठी; हाताने फिरवावयाची. लाकडासाठी जर्मनीच्या आंद्रेआस श्टील यांनी १९२६ साली जे यंत्र केले ते विजेवर चालणारे होते. ते इतके जड होते की चालवावयास दोन माणसे लागत, आणि रानात वीज कुठली? १९२७ साली त्याच देशातील एमिल लेर्प यांनी पेट्रोलचे यंत्र डोल्मार नावाच्या डोंगरावर चालवून दाखवले, आणि पुढली कित्येक दशके रानात पेट्रोलचेच राज्य राहिले. आज साखळीला जे वळलेल्या रंध्यासारखे दाते असतात ते अमेरिकेतील जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याला १९४६ साली सुचले, ते लाकूड पोखरणाऱ्या एका भुंग्याच्या अळीचे जबडे निरखून. लिथियमच्या बॅटऱ्या बाजारात आल्या १९९१ साली, आणि त्यांनी तारेची गरज संपवली. म्हणजे चिरंजीव बडोद्यास पाठवू पाहतात ते यंत्र नवे असले तरी कुळाने जुनेच आहे.

आता पुन्हा आमच्या घराकडे वळू. पहिल्या पावसाळ्याआधी त्या पेट्रोलच्या यंत्राने काम उत्तम केले, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पडलेल्या आंब्याचे सरपण दोन दिवसांत रचून झाले. मग यंत्र पडवीत टांगले गेले, टाकीत अर्धे पेट्रोल ठेवूनच. चार महिने धो धो पाऊस, पुढे हिवाळा, मग उन्हाळा. मे २०२२ मध्ये दादांनी दोरी ओढली. यंत्र खोकले आणि गप्प झाले. चोक लावून ओढली, चोक काढून ओढली, पुतण्याने ओढली, आम्ही ओढली. तिसऱ्या दिवशी दादांचा खांदा दुखू लागला आणि यंत्र दुरुस्तीस गेले. मिस्त्रीने कार्ब्युरेटर उघडून दाखवला. आतल्या केसाएवढ्या छिद्रांत चिकट राळ बसली होती आणि रबरी नळी फुगून मऊ पडली होती. पेट्रोल दोन महिन्यांपलीकडे नासते, हे आम्हांस त्या दिवशी कळले. त्यात हल्लीच्या पेट्रोलात इथेनॉल असते. ते हवेतील ओल शोषून घेते. ओल फार झाली की पाणी-इथेनॉल खाली बसते आणि पेट्रोल वर राहते. त्या वेळी इथेनॉलचे प्रमाण आजच्याहून कमी होते. २०२३ पासून वीस टक्के मिश्रणाचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले आणि २०२५ पर्यंत ते देशभर रूढ झाले. या लहान इंजिनांच्या बहुतेक पुस्तिका मात्र दहा टक्क्यांपर्यंतच परवानगी देतात. आमच्यासारख्या चार महिने दमट राहणाऱ्या मुलखात, वर्षातून आठ दिवस वापरावयाच्या यंत्रासाठी, ही एकच गोष्ट निकाल लावण्यास जवळजवळ पुरेशी आहे. ज्यांच्याकडे पेट्रोलचे यंत्र आहेच त्यांनी प्रत्येक वेळी काम संपल्यावर टाकी रिकामी करावी, आणि यंत्र चालू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावे, म्हणजे नळीतलेही संपते. हा क्रम आम्ही कागदावर लिहून भिंतीला चिकटवला आहे. तरीही दोनदा चुकला.

पेट्रोल घरात ठेवण्याचाही प्रश्न आहेच. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याने घरगुती वापरासाठी, विक्रीसाठी नव्हे, तीस लिटरपर्यंत पेट्रोल विनापरवाना ठेवता येते; पण ते काचेच्या वा चिनी मातीच्या भांड्यात असेल तर एका भांड्यात लिटरभरच, आणि धातूच्या डब्यात पंचवीस लिटरपर्यंत. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीचे नाव त्यात कोठेही नाही. आमच्याकडे मात्र अर्धा गाव त्याच बाटलीतून पेट्रोल आणतो, आणि ती बाटली चुलीच्या खोलीत कोनाड्यात ठेवलेली आम्ही डोळ्यांनी पाहिली आहे.

दुरुस्त होऊन आलेल्या यंत्राने पुढे जे केले ते सांगितल्यावाचून या भगिनींच्या पत्राला उत्तर देता येणार नाही. चिंचेची एक फांदी गोठ्याच्या कौलांवर टेकली होती. पुतण्या तिशीतला, अंगाने धट्टाकट्टा. तो जमिनीवर उभा राहूनच कापत होता, शिडीवर नव्हे. बावीस इंचांच्या पट्टीचे टोक, त्याच्या नकळत, मागच्या दुसऱ्या फांदीला लागले. चेनसॉच्या पट्टीच्या टोकाचा वरचा कोपरा लाकडाला लागला की साखळी तिथे कापत नाही, अडकते. आणि सेकंदाला वीस मीटरांच्या आसपास धावणाऱ्या त्या साखळीचा सगळा जोर यंत्राला उलटे, चालवणाऱ्याच्या तोंडाकडे फेकण्यात जातो. पापणी लवण्यास लागतो तेवढाही वेळ मिळत नाही. पट्टी त्याच्या कानाजवळून गेली, खांद्यावर सदरा फाटला, कातडीवर बोटभर ओरखडा आला. पुढचे संरक्षक कवच त्याच्या मनगटावर आपटले, त्यामुळे साखळीचा ब्रेक पडला आणि ती थांबली. बस्स, एवढेच. पण वहिनींनी ते ओसरीवरून पाहिले होते. त्या काही बोलल्या नाहीत. यंत्र उचलून माळ्यावर ठेवले आणि शिडी काढून घेतली. दादांनी आणलेले यंत्र त्यांच्यासाठीच आणलेले होते, हे दोघांनाही ठाऊक होते, आणि म्हणूनच पुढे आठ दिवस त्या विषयावर घरात कोणी बोलले नाही.

बॅटरीचे यंत्र आले ते २०२३ मध्ये, आणि तेही दादांच्या मनाविरुद्ध. त्यांचा आक्षेप एकच होता, आणि तो खोटा नव्हता. "झाडे पडतात तेव्हाच वीज जाते. ज्या रात्री यंत्र लागेल त्याच रात्री ते मेलेले असेल." या म्हणण्यास आधारही भक्कम होता. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा श्रीवर्धन, मुरूड, दापोली या भागांतील नारळी-पोफळीच्या आणि आंब्याच्या बागा भुईसपाट झाल्या, आणि कित्येक गावांत वीज परत यावयास आठवडे लागले. आमचे आप्त तिकडे आहेत. चेनसॉवाला माणूस वाडीत येण्याची वाट लोक डॉक्टरची पाहावी तशी पाहत होते, असे त्यांच्या तोंडून आम्ही ऐकलेले. तिथे पेट्रोलची यंत्रेच कामास आली, याबद्दल वाद नाही.

आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. आमच्या यंत्राची बॅटरी छत्तीस व्होल्टची, पाच अँपिअर-तासांची. म्हणजे एकशे ऐंशी वॅट-तास. चार्जरमधील तूट धरून ती भरावयास सव्वादोनशेच्या आसपास लागतात, म्हणजे विजेचे पाव युनिटसुद्धा नाही. घरातील इन्व्हर्टरची बॅटरी बारा व्होल्टची, दीडशे अँपिअर-तासांची. कागदावर अठराशे वॅट-तास, त्यातले निम्मेच हिशेबात धरावे. म्हणजे पंखे बंद ठेवले तर इन्व्हर्टरवरून करवतीची बॅटरी तीन-चार वेळा भरता येते. एका भरणीत काम किती? लाकडात शिरलेले यंत्र हजार-बाराशे वॅट ओढते, तेव्हा खरे कापणे आठ-नऊ मिनिटांचे. ऐकावयास हे फारच थोडे वाटते. पण आम्ही मोजून पाहिले आहे : वीतभर जाडीच्या ओल्या आंब्याच्या फांदीचे पंचवीस-तीस काप होतात. दोन बॅटऱ्या भरलेल्या असतील तर पन्नासांवर. १७ मे च्या त्या रात्री आमच्या वाटेवर जेवढे लाकूड होते ते मोकळे करण्यास वीस काप पुरले असते. दादांनी तो कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "मग इन्व्हर्टर भरलेला ठेवण्याचे काम तुझ्याकडे." तेव्हापासून ते आमच्याकडेच आहे. (चौकोनी लहरीच्या स्वस्त इन्व्हर्टरवर काही चार्जर तापतात, पुस्तिकेत काय लिहिले आहे ते आधी पाहावे.)

बॅटरीचे यंत्र निर्दोष आहे, असे मात्र कोणी समजू नये. पहिले म्हणजे किंमत. नावाजलेल्या कंपनीचे यंत्र दोन बॅटऱ्या आणि चार्जरसह घेतले तर आमच्या पहिल्या यंत्राच्या चौपट-पाचपट पैसे मोजावे लागतात, आणि काही वर्षांनी बॅटरी थकली की नव्या बॅटरीचा खर्च पुन्हा बोचतो. दुसरे म्हणजे उष्णता. मे महिन्यात उन्हात काम करून बॅटरी तापलेली असते. तशीच चार्जरवर लावली तर शहाणा चार्जर तिला निवेपर्यंत घेतच नाही. पाऊसभर ठेवावयाची तर ती पूर्ण भरून ठेवू नये आणि पूर्ण रिकामीही ठेवू नये. निम्म्यावर ठेवावी, कोरड्या जागी, आणि खिळे-मोळे असलेल्या डब्यात तर मुळीच नाही. वादळाचा इशारा आला म्हणजे भरून घ्यावी. तिसरी गोष्ट बहुतेक लोक विसरतात. बॅटरीच्या यंत्रालाही साखळीसाठी तेल लागतेच. पेट्रोल नाही म्हणून तेलही नाही, अशा समजुतीने आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी पहिल्याच दिवशी पट्टी जाळून निळी केली. गाडीतून काढलेले जळके ऑइल घालण्याची आमच्याकडे सर्रास चाल आहे. त्यातील धातूची कीट पंप खाते आणि तुषार हातातोंडावर उडतात. ते घालू नये.

आणि आवाज. पेट्रोलचे यंत्र कानाशी शंभर डेसिबलच्या वर ओरडते. कानात बोळे घातल्यावाचून ते चालवणे म्हणजे म्हातारपणीचा बहिरेपणा विकत घेणे. बॅटरीचे यंत्र पुष्कळ शांत. पण हीच शांतता एके ठिकाणी वैरीण होते. पेट्रोलचे यंत्र चालू असते तेव्हा ते घुरघुरत असते, आणि पोरे-बाळे, गुरे-ढोरे आपोआप दूर राहतात. बॅटरीचे यंत्र बाजूला ठेवले की मुके होऊन बसते, आणि नातवंडाने हात लावला तर त्याच क्षणी पूर्ण जोराने धावते. म्हणून हातातून खाली ठेवताना बॅटरी काढावी, साखळी ताणताना काढावी, अडकलेला भुसा काढताना काढावी. आमच्या घरी बॅटरी वहिनींच्या कपाटात असते आणि यंत्र पडवीत. दोन्ही एकत्र येण्यास त्यांची अनुमती लागते. अवजारशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात ही योजना आम्ही वाचलेली नाही, परंतु तिच्याइतकी उपयोगी दुसरी सापडलेली नाही.

पेट्रोलच्या यंत्राचे आम्ही काय केले? विकले नाही. मोठे खोड आडवे पडले, दीड हात जाडीची चिंच वा मोह आला, तर आमचे चौदा इंचांचे बॅटरीचे यंत्र तिथे थकते; साखळी अडखळते, मोटार स्वतःस वाचवण्यासाठी बंद पडते. अशा कामास पेट्रोलच हवे. म्हणून ते पहिले यंत्र आम्ही पाड्यावरील चार घरांच्या सामाईक ठेवीत दिले. त्या रात्री कुऱ्हाडी घेऊन आलेल्या चौघांपैकी एकाने वनखात्याच्या कंत्राटावर अशी यंत्रे वर्षानुवर्षे चालवली आहेत. यंत्र त्याच्या ताब्यात असते, मिश्रण तोच करतो, टाकी तोच रिकामी करतो, आणि आम्हांस गरज पडली तर त्याची मजुरी देऊन बोलावतो. बावीस इंचांची पट्टी काढून त्याने अठरा इंचांची बसवली. यंत्र रोज ज्याच्या हाती असते त्याच्याकडे ते नासत नाही. पेट्रोलच्या यंत्राला सवयीचा हात लागतो, आणि आमच्या घरात तो नव्हता.

आता बडोद्याच्या भगिनींना. आपल्या आवारातील झाडांसाठी चिरंजीवांचे म्हणणे बरोबर, शेजाऱ्यांचे नव्हे. पण चिरंजीवांस एक दुरुस्ती कळवा. परदेशातून यंत्र पाठवू नये. बॅटरी टपालाने वा विमानाने पाठवण्यास निर्बंध आहेत, चार्जर तिथल्या विजेचा निघाला तर निकामी, आणि दुरुस्तीस इथे सुटा भाग मिळणार नाही. पैसे पाठवावेत, यंत्र बडोद्यातच, ज्याची साखळी आणि बॅटरी त्याच दुकानी पुन्हा मिळेल असे घ्यावे. पट्टी दहा-बारा इंचांहून मोठी घेऊ नये. साखळीचा ब्रेक नसलेले घेऊ नये. ते हातात मावणारे सहा इंचांचे छोटे यंत्र मिळते, ते स्वस्त आहे आणि मनगटाएवढ्या फांद्यांना पुरते, पण त्यांतील पुष्कळांना असा ब्रेक नसतो आणि ते एका हाताने चालवण्याचा मोह होतो. दुसरा हात तेव्हा फांदी धरतो, आणि इजा त्या दुसऱ्या हातास होते.

यजमानांबद्दल. त्यांना यंत्र चालवू द्यावे. अडुसष्टाव्या वर्षी माणसाच्या हातातून अवजार काढून घेतले तर तो आठ दिवसांत म्हातारा होतो, हे आम्ही दादांवरून सांगतो. पण जमिनीवर उभे राहून, आणि खाली पडलेल्या लाकडावरच. शिडीवर चढून चेनसॉ चालवणे कोणत्याही वयात वर्ज्य. खांद्याच्या वर यंत्र उचलणेही तसेच. उंचावरील फांद्यांसाठी लांब दांड्याची हातकरवत मिळते. तिने जे होणार नाही ते चढणाऱ्या माणसाकडून, मागेल ती मजुरी देऊन, करून घ्यावे. मजुरी फार वाटते ती तो ज्या फांदीवर उभा राहतो ती आपण पाहत नाही म्हणून. डोळ्यांना चष्मा, पायांत जाड बूट, धोतर किंवा सैल लेंगा नको. एकटे असताना काम करू नये. आणि मुळासकट उपटून पडलेल्या झाडाचे खोड कापण्याच्या फंदात घरच्या माणसाने पडूच नये. वरचा भार कापला गेला की मुळांचा गड्डा मातीसह एकदम उभा राहतो, आणि त्या खड्ड्यात कोणी उभे असेल तर संपले. वाकलेली, ताणलेली फांदीही तशीच. तिच्या दाबाच्या बाजूने आधी थोडे कापावे, मग ताणाच्या बाजूने. उलट केले तर ती चाबकासारखी सुटते. विजेच्या तारेवर टेकलेल्या झाडाला तर तार मृत केल्याची खात्री वीज खात्याकडून झाल्याखेरीज बोटही लावू नये.

फांद्या छाटणे वेगळे आणि झाड तोडणे वेगळे, हेही ध्यानात असावे. महाराष्ट्रात १९६४ च्या कायद्याने साग, आंबा, फणस, चिंच, मोह, खैर, चंदन, जांभूळ अशी झाडे स्वतःच्या जमिनीवरची असली तरी परवानगीवाचून पाडता येत नाहीत, आणि शहरांसाठी १९७५ चा वेगळा कायदा आहे. अन्य राज्यांत नियम निराळे. आमचे वाचक ज्या ज्या गावी आहेत तिथे नगरपालिकेत वा वनखात्यात एक चक्कर मारून यावी. आपल्या चार सुबाभळींना बहुधा कोणी अडवणार नाही. कडुनिंबाबद्दल मात्र विचारून घ्यावे.

साखळीला धार लावण्यासंबंधी या पत्रात विचारलेले नाही, पण बहुतेकांचे यंत्र निकामी होते ते तिथेच. यंत्रातून लाकडाचे कुरळे तुकडे पडत असतील तर धार आहे. पिठासारखा भुसा पडू लागला की धार गेली, मग ते बॅटरीचे असो वा पेट्रोलचे, जोर लावून दाबण्यात अर्थ नाही. आमच्याकडे खोडांवर वाळवीची माती चढलेली असते. ती आधी कोयत्याच्या पाठीने खरवडून काढली नाही तर नवी साखळी पाच मिनिटांत बोथट होते. गोल कानस कोणत्या मापाची घ्यावी, दात्याला किती अंशांत धरावी आणि किती हात माराव्यात, हे पुढील अंकी सविस्तर लिहू. तोवर भगिनींनी एक करावे : यंत्र आणाल त्या दिवशी बॅटरी ठेवण्याचे कपाट आपले असू द्यावे.